यंत्रबाबा आणि हट्टी मशीन

न्हाणीघराच्या दारात अख्खी इमारत लोटली होती. आत यंत्रांची बाधा उतरवणारे यंत्रबाबा वॉशिंग मशीनच्या काचेवर हात ठेवून बसले होते. काचेआड घरच्या सुनेचे कामावरचे कपडे गढूळ पाण्यात तरंगत होते. मशीन ना पाणी सोडत होतं, ना दार.

"आधी प्लग काढा! बाधेचं खाणं तोडा!" बाबा गरजले आणि डोळे मिटून घुमू लागले, "हुं फट्, सोड हट्ट! हुं फट्, सोड हट्ट!"

जरा वेळाने 'टक्' झालं. बाबांनी दार ओढलं मात्र, बादलीभर पाणी बदाबदा त्यांच्याच मांडीवर सांडलं.

"पाहिलंत? पाप बाहेर पडलं!" ते निथळत म्हणाले. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी त्या साबणाच्या पाण्यालाही नमस्कार केला.

"पण बाधा मुरलीय," बाबा पुढे म्हणाले. " मशीन घरात राहिलं तर कर्त्या माणसावर बेतेल. खाली माझा टेम्पो उभाच आहे."

सासूबाईंचा चेहरा उतरला. "न्या बाबा. माझ्या लेकापुढे मशीनचं काय एवढं!"

सुनेने आपलं मनगट चोळलं. ते नुकतंच प्लास्टरमधून सुटलं होतं. मशीन गेलं की घरादाराचे कपडे, चादरींसकट, त्याच मनगटाने पिळायचे. आणि टेम्पो आधीपासूनच कसा काय उभा? तिला आठवलं, परवा मध्येच वीज गेली तेव्हा हे दार आपलं आपणच उघडलं होतं. तेव्हा मंत्र म्हणायला घरात कुणी नव्हतं. नवरा होता, पण तो घोरत होता.

"बाबा, एकदाच पुन्हा उघडून दाखवा," तिने दार लावलं, प्लग जोडला आणि मशीन सुरू केलं. "फक्त या वेळी प्लग राहू द्या."

बाबा फट् म्हणाले, फूट म्हणाले, त्यांचा घसा बसला. दार ढिम्म हलेना.

"इथे कुणीतरी नास्तिक आहे!"

"आहे ना, मीच." तिने हात पुसून प्लग काढला. "आता माझा मंत्र ऐका." ती दारात उभ्या नवऱ्याकडे वळली. "अहो, ओला टॉवेल पलंगावर कोण टाकतं? गळका नळ उद्या बघतो, उद्या बघतो असं कोण म्हणतं? खिसे न तपासता पँट धुवायला कोण देतं?"

यादी अर्धीही झाली नव्हती, तोच 'टक्'! सगळे खो खो हसले, नवरा सोडून.

"कुलपात एक छोटा तुकडा असतो," ती म्हणाली. "वीज असेपर्यंत तो गरम राहतो आणि दार धरून ठेवतो. वीज तोडली की निवतो आणि सोडतो. मंत्र म्हणा नाहीतर शिव्या द्या. आता पाणी का अडतं, तेही बघू."

तिने खाली परात सरकवली, मशीनच्या पायाशी असलेलं झाकण उघडलं आणि जाळी हळूहळू फिरवून काढली. पाण्याबरोबर एक बटण आलं. आत पाणी ढकलणाऱ्या पंख्याला लाल-काळा दोरा करकचून गुंडाळला होता. तो सुटता सुटेना; शेवटी तिने ओढून काढला.

सासूबाईंनी दोरा उजेडात धरला. "अगं बाई! हा तर बाबांनीच दिलेला. लेकाच्या खिशात ठेवायला, भरभराटीसाठी!"

बाबा चपला शोधू लागले. सासूबाईंनी तो ओला दोरा त्यांच्या हातावर ठेवला. "टेम्पो रिकामा नको जायला. हा तेवढा न्या."

मग त्यांनी सुनेचं दुखरं मनगट हातात घेतलं आणि कपडे बाहेर काढून स्वतःच पुन्हा मशीनमध्ये भरले, एकेक खिसा तपासून.

मंडळी, तुमचंही मशीन कधीतरी रुसेल. हात जोडायचे तर खुशाल जोडा. पण आधी प्लग काढा, जाळी उघडा आणि आत काय अडकलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.