तळाची कड

चिसाची आई दवाखान्यातून घरी येणार होती ती शेवटचे दिवस काढायलाच. जपानातल्या किसो गावच्या त्या गल्लीत हे सगळ्यांना माहीत होतं. आईने मागून मागितलं काय, तर घरी लाकडी टबात एकदा गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसायचं. बाबा, म्हणजे तोकुजी, जन्मभर लॉजवाल्यांना टब करून देत आले. घरात मात्र प्लास्टिकचा.

आता हिनोकी लाकडाचा टब उभा राहिला होता, फक्त तळ बाकी होता. तळाची कड हातोडीने ठोकून चेपायची आणि बारीक झाली की लगेच खाचेत बसवायची. मग ती पाणी पिऊन फुगते, थेंब बाहेर जात नाही. उशीर झाला तर पावसाळी हवाच तिला फुगवते.

बाबा आईला आणायला गेले. जाताना बजावलं, मी आल्याशिवाय तळाला हात लावायचा नाही. पण असलं ऐकून घेणारी असती तर चिसाने शाळा सोडली असती का? बाबा यायच्या आत टब तयार ठेवायचा, म्हणून तिने कड ठोकून काढली. तेवढ्यात ओरिएआत्या दारात.

"मरायला टेकलेल्या बाईला कसला गं टब? ओल्या फडक्याने पुसून काढ की."

चिसा पेटली. भांडत भांडत आत्याच्या घरापर्यंत गेली, तिथेही दारात उभी राहून भांडली. परत आली तेव्हा पाऊस लागून राहिला होता. कड दिसायला होती तशीच, पण खाचेत जाईना. आत्यावरचा सगळा राग तिने हातोडीवर काढला. तळ बसला, पण टबाची एक फळी उभी तडकली.

आईला पाठीवर घेऊन बाबा आले. चिरेवरून बोट फिरवलं. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं.

चिसा बादल्या ओतत राहिली, पाणी चिरेतून जात राहिलं. आई मांड्यांएवढ्या पाण्यात काकडत बसली होती.

"छान आहे गं," ती म्हणाली. "पुरे आता. दमलीस तू."

फळी बदलून टब पुरा झाला तेव्हा आई नव्हती. बाबांनी तो काठोकाठ भरला. सकाळी पाणी काठालाच होतं, गार पडलेलं.

"गळत नाही," बाबा म्हणाले.

चिसाने खांद्यापर्यंत हात घालून बूच ओढलं. पाणी संपेपर्यंत दोघं तिथेच उभे होते.