भालचंद्ररावांच्या हातचा सूर

मी व्हायोलिनचा एक सूर बोलतोय. अख्खं गाणं नव्हे, नुसता एक सूर. दिल्लीच्या द्वारकेतल्या एका सोसायटीत, हेमांगीच्या कॉम्प्युटरमध्ये माझा मुक्काम असतो. तिनं पेटीसारखी पट्टी दाबली की मी वाजतो. तुमच्यापुढे बोलायला आलोय खरा, पण मान वर करून सांगावं असं माझ्या हातून फारसं काही घडलेलं नाही.

माझा जन्म हेमांगीच्या बाबांच्या, भालचंद्र वाकणकरांच्या हातून झाला. त्यांची नोकरी केंद्र सरकारात, पण जीव सगळा व्हायोलिनमध्ये. दिल्लीतल्या मराठी मंडळींचं नाटक असलं की रंगमंचाच्या कडेला खुर्ची टाकून बसणार तेच, आणि शेजारी तबल्यावर राजाभाऊ. हेमांगी नाटकांना, जाहिरातींना संगीत देते. बाबांचं व्हायोलिन एकेक सूर करून साठवावं, म्हणजे पुढे पट्ट्या दाबून हवं ते वाजवता येईल, असं तिच्या मनात आलं.

एका दुपारी खिडक्या-पंखे बंद करून दोघं बसली. पण विमानतळ जवळ. बाबांनी गज ओढला रे ओढला की डोक्यावरून विमान गेलंच! हेमांगी घामाघूम झाली. शेवटी दोन विमानांच्या मधे मी एकदाचा स्वच्छ निघालो.

"चलो, हा झाला. पुढचा घ्या, बाबा."

"अगं, अजून दोन-तीनदा वाजवतो. दर वेळी निराळा येतो तो."

"हा परफेक्ट आहे ना? बस. बाकीचं कॉम्प्युटर करतो."

मी फुशारून गेलो. परफेक्ट म्हणे!

पुढच्या वर्षी बाबांच्या उजव्या हाताला कंप सुटला. गज तारेवर ठरेना. व्हायोलिन कपाटात गेलं आणि घराबाहेर हे कुणाला कळता कामा नये, असं बाबांनी बजावलं. राजाभाऊंनी वाजवायला बोलावलं की ते सांगायचे, "सध्या वेळ होत नाही." निवृत्त माणसाला वेळ होत नाही! पण राजाभाऊंनी ते खरं मानलं.

मग त्या मराठी मंडळींचं नवं नाटक आलं. संगीत हेमांगीचं, आधीच रेकॉर्ड करून ठेवलेलं. बाबांना बरं वाटेल म्हणून तिनं श्रेयनामावलीत लिहून टाकलं, 'व्हायोलिन : भालचंद्र वाकणकर'. एका प्रवेशात नायिका घरात एकटी, बाहेरून कुणीतरी कडी हलवतंय, आणि व्हायोलिनवर एकच सूर भराभरा वाजत चढत जातो. तो सूर मी.

मी वाजलो, पुन्हा वाजलो, वाजतच राहिलो. दर वेळी तेच वजन, सुरुवातीला गजाची तीच खरखर. माणूस दार ठोठावतो तेव्हाही दोन थापा सारख्या पडत नाहीत. मी मात्र शिलाई मशीनसारखा टकटकत सुटलो. मागच्या रांगेतून एक मुलगी म्हणाली, "यार, अटक गया है क्या?" ऐन भीतीच्या प्रवेशात प्रेक्षक हसले. पुढच्या रांगेत बाबा बुटांकडे बघत बसले होते. शेजारच्या राजाभाऊंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना बाबा म्हणाले, "माझं नाव काढ त्यातून."

"चूक माझी आहे, बाबा. गुरुग्रामच्या प्रयोगाआधी सुधारते. तुम्ही कसं वाजवायचात, सांगा ना."

बाबा हळूहळू सांगू लागले. "गज खाली येतो तेव्हा सूर जड, वर जातो तेव्हा हलका. पहिल्यावर भार द्यायचा. मधे हात दमतो, तो दमू दे. शेवटाला पुन्हा उठतो."

हेमांगी कामाला लागली. मला कधी जोरात वाजवलं, कधी दबकत. कधी केसभर लवकर, कधी उशिरा. कुठे माझी सुरुवात छाटली. मग माझ्या वरच्या आणि खालच्या सुरांना ओढून माझ्या उंचीला आणलं आणि माझ्या जागी उभं केलं. शेजारी माझे कपडे घालून फिरतायत असं वाटलं मला! बाबा ऐकत म्हणायचे, "अजून सारखंच येतंय. तिसरा ढिला सोड."

गुरुग्रामला कुणी हसलं नाही. सभागृह श्वास रोखून बसलं होतं. पडदा पडल्यावर राजाभाऊ डोळे पुसत आले. "भालचंद्र, अरे हात काय चालतो तुझा अजून! आणि मला वेळ नाही म्हणतोस? पुढच्या महिन्यात बसू या दोघं."

बाबांनी उजवा हात डाव्या हातानं दाबून धरला. "बघू," म्हणाले. हेमांगी तिथेच उभी होती, तीही काही बोलली नाही. पहिल्या प्रयोगात खोटा वाटलो म्हणून मला लाज वाटली होती. आता खरा वाटलो, त्याची जास्त वाटली.

परतताना गाडीत बाबा आणि हेमांगी पुढे. मी मागच्या सीटवर, लॅपटॉपच्या बॅगेत.

"मी गप्प का बसलो गं?" बाबांनी विचारलं.

"मीही बसलेच ना, बाबा."

सकाळी बाबांनी राजाभाऊंना फोन लावायला सांगितला. "राजाभाऊ, कालचं व्हायोलिन मी वाजवलेलं नाही. सूर तेवढे माझे, तेही जुने. बाकी सगळं हेमांगीनं केलं. माझा हात आता थरथरतो. गज धरवत नाही."

पलीकडून "आणि हे मला आज सांगतोस?" एवढं म्हणून राजाभाऊंनी फोन ठेवला.

दुपारी ते दारात हजर. चेहऱ्यावर राग तसाच. चहाला नको म्हणाले. बाबांसमोर बसले, त्यांचा थरथरता हात हातात घेतला आणि हेमांगीला म्हणाले, "याचा एक सूर ऐकव. नुसता. काही न करता."

हेमांगीनं पट्टी एकदाच दाबली. मी वाजलो आणि थांबलो.

"हा तू," राजाभाऊ म्हणाले. बाबा रडले.

मी अजून कॉम्प्युटरमध्येच आहे. हवा तितक्या वेळा वाजवा मला, वेषही घालायला लावा, माझी ना नाही. पण कुणी वाखाणायला आलं, तर हे कसं वाजलं ते तुम्हीच सांगून टाका. वाजताना मला ते सांगता येत नाही.