ड्रमच्या तळाशी

"बॅग बाहेरच राहू द्या. लागतील तेवढीच हत्यारं आत आणा," उल्काताई दारातच म्हणाल्या. "आणि ओळखपत्र?"

भैरूनं गळ्यातलं कार्ड पुढं केलं. ताईंनी ते वाचलं, मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि मगच दार पाऊणभर उघडलं. "भैरू इंगळे. राहता कुठं?"

"शिवण्याला."

इंगळे या नावानं त्यांना काहीच आठवलं नाही. भैरूला हायसं वाटलं आणि रागही आला. त्याची बायको मैना सहा वर्षं याच घरात केर-भांडी करत होती, पण तिचं आडनाव विचारायची गरज इथं कुणाला पडली नव्हती.

गेल्या दिवाळीआधी उल्काताईंच्या मोत्यांच्या कुड्या गेल्या. एक बाल्कनीत, मैना भांडी घासायची तिथं सापडली, दुसरी नाहीच. पळवताना घाईत एक पडली असणार, असं ताईंनी ठरवून टाकलं. मैनेला काढलं ते काढलंच, वर सोसायटीच्या ग्रुपवर तिचा फोटो टाकला. त्यासरशी शेजारची तीन घरंही सुटली. मैना घरी येऊन एवढंच म्हणाली, "मी न्हाई घेतली." भैरूनं मान हलवली खरी, पण संशय त्यालाही होताच. बायकोवर संशय घ्यायचा आणि तिच्याच हातचं जेवायचं, यानं त्याला आठ महिने पोखरलं होतं.

आज सर्व्हिस सेंटरच्या यादीत कर्वेनगरचा हा पत्ता आणि पुढं 'वॉशिंग मशीन, ड्रममध्ये खडखड' असं वाचल्यावर त्यानं हा कॉल मागून घेतला. ड्रमच्या तळाशी काय काय निघतं, हे पंधरा वर्षं मशिनं खोलणाऱ्याला कुणी सांगायला नको. कुडी तिथं निघाली तर मैना सुटली. नाही निघाली तर पुढचा विचार त्याला करायचाच नव्हता.

मशीन बाल्कनीतच होतं. उल्काताईंनी शेजारी खुर्ची ओढली. "मी इथं बसते. राग मानू नका, एकदा हात पोळलेत आमचे."

"बसाच ताई. एक ताटली द्या. निघंल ते तुमच्यासमोर त्यात टाकतो. मोजून घ्या."

"मोजणारच आहे."

आतून त्यांचे यजमान श्यामराव म्हणाले, "अगं, त्यांना चहा विचार."

"काम झाल्यावर," ताई जागच्या हलल्या नाहीत.

भैरूनं तळाच्या फिरत्या चकतीचा स्क्रू काढला. चकती गच्च बसली होती. वाकवलेल्या दोन तारा तिच्या भोकांत अडकवून त्यानं जोर लावला, तशी ती हिसक्यानं वर आली. खाली काळा बुळबुळीत थर होता. त्यातून दोन रुपयांचं नाणं निघालं. मग सेफ्टी पिन, शर्टाचं बटण, ब्लाउजचे हूक.

"मूठ उघडून दाखवा," उल्काताई म्हणाल्या.

भैरूनं काळा झालेला पंजा उघडून दाखवला. इथंच, याच फरशीवर मैनेनंही असाच हात उघडून दाखवला असेल.

मग फटीत रुतलेला, पीळ बसलेला एक रुमाल हाताला लागला. एका कोपऱ्याला गाठ होती आणि गाठीत काहीतरी टणक. भैरूनं रुमाल तसाच ताटलीत ठेवला. गाठ सोडली नाही.

"ही गाठ तुम्हीच सोडा, ताई."

गाठीतून कुडी निघाली. उल्काताई तिच्याकडं बघतच राहिल्या. श्यामराव बाहेर आले. "अगं, हा माझा रुमाल. दिवाळीआधी स्कॅनला आत जाताना कानातलं काढायला लावलं होतं ना तुझं? दोन कोपऱ्यांत दोन बांधून तूच माझ्या खिशात ठेवलास. एक गाठ सुटून ती कुडी इथं बाल्कनीत पडलेली दिसतेय."

"मी तर घरी आल्यावर डबीत ठेवल्या असंच समजत होते," ताईंचा आवाज खाली आला. "आता मैनाचा नंबरसुद्धा नाही माझ्याकडे."

"माझ्याकडं हाय," भैरू म्हणाला. "बायको हाय ती माझी."

मग ताईंनी विचारलं, "आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर कुडी मीच खिशातनं आणून टाकली असं तुम्ही म्हणाला असता."

ताईंनी कुडी ताटलीत ठेवली.

"फोटो ग्रुपवर टाकला होता. तिथंच लिहा. तवर मी मशीन जोडतो."

उल्काताईंनी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. भैरू एकच स्क्रू आवळत बसला होता. शेवटी त्यांनी मोबाइल त्याच्यापुढं धरला: 'मैनाने चोरी केली नव्हती. चूक माझी होती. तिची माफी मागते.' भैरूनं त्याचा फोटो घेतला. चहा आला, तो त्यानं घेतला नाही.

घरी मैना मेथी निवडत बसली होती. भैरूनं मोबाइल तिच्यापुढं धरला. तिनं सावकाश वाचलं आणि परत दिला.

"बोलवतील बघ आता," तो म्हणाला.

"मी जायची न्हाई."

ती आणखी काही बोलेल म्हणून भैरू थांबला. मग त्यालाच राहवलं नाही. "मला ठाऊकच होतं, तू तसली न्हाईस."

मैनेनं पहिल्यांदाच वर पाहिलं. "ठाऊक होतं? मग मी दळणाला गेले की माझी ट्रंक कोण उचकत होतं? साड्यांच्या घड्या घालता येत न्हाईत तुमास्नी."

मैनेनं उरलेली मेथी निवडली, देठं गोळा केली आणि ती टाकायला भैरूला वळसा घालून बाहेर गेली.