पहिलं घमेलं

विद्याधरने बुटाच्या टोकाने ओट्याच्या पायावरची माती सारली. काँक्रीटशी सपाट कापलेल्या सळ्यांची गोल तोंडं रांगेने दिसली.

“ह्या कोणी कापल्या, भाऊजी?”

“मिस्त्रीनं,” मारोतराव म्हणाले.

शब्द निघून गेला आणि त्यांचं तोंड कडू झालं. चार पावलांवर तेजराम मिस्त्री रेती चाळत होता. इतकी वर्षं मराठी साहेबांची घरं बांधणाऱ्याला एवढी मराठी नक्कीच कळत होती. चाळणी क्षणभर थांबली, मग पुन्हा हलू लागली.

कापायला लावल्या होत्या मारोतरावांनीच. पायाच्या पूजेला नागपूरहून लेकीच्या सासरची माणसं आली, आणि पायातून हातभर वर आलेल्या सळ्यांत विहीणबाईंचा पदर अडकून टर्रकन फाटला. मारोतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेजराम समजावत होता, “साहब, इही मन तो स्लॅब ला धर के रखही.” खालची काळी कन्हार माती पावसात फुगणारी, उन्हात भेगाळणारी, ओट्याचा स्लॅब पायाशी बांधून ठेवणार त्या ह्याच सळ्या. पण भिलाईच्या प्लांटमध्ये वीस वर्षं सळ्या तपासणारे मारोतराव विहिणीसमोर मिस्त्रीचं ऐकतात कसले! “मेरे को लोहा मत सिखाओ,” म्हणाले, आणि करवत चालली.

विद्याधर मारोतरावांच्या बायकोचा, रत्नमालाचा, धाकटा भाऊ, दुर्गला इंजिनीअर. भोकं पाडून नव्या सळ्या सिमेंटमध्ये बसवा, एवढं त्याने सांगितलं. नेहरू नगरातलं स्वतःचं घर तो तेजरामलाच बांधायला देणार होता. ते आता देत नाही, हेही सांगून गेला.

तीन दिवस तेजराम गुडघ्यावर बसून छिन्नी ठोकत होता. मारोतराव ड्यूटीवरून येत, त्याची नजर चुकवून सायकल लावत.

“विद्याधरले तुमी सांगता का मी सांगू?” रत्नमालाने विचारलं.

“सांगतो ना. टाइम पाहून सांगतो.”

तेजरामचा चहा तिने त्या दिवसापासून स्वतः नेऊन द्यायला सुरुवात केली.

स्लॅबच्या दिवशी विद्याधरही आला होता; नारळ फुटला. पहिलं घमेलं घरमालकाने ओतायचं, म्हणून तेजरामने ते भरून मारोतरावांच्या हाती दिलं. नव्या सळ्या समोर उभ्या होत्या. एकदा काँक्रीटचा माल पडला की कोणाला काही दिसणार नाही, असं मनात आलं, आणि आपल्याला हायसं वाटलं ह्याचीच त्यांना लाज वाटली.

“विद्याधर, सळ्या यानं नाही कापल्या. मी कापायले लावल्या. हा तर नोको म्हणून राहिला होता.”

विद्याधरने वाकून एक नवी सळी हलवून पाहिली.

“भाऊजी, माझ्या घराचा पाया तर परवाच दुसऱ्या मिस्त्रीनं सुरू केला.”

मारोतरावांनी तेजरामकडे पाहिलं. घमेल्यातला माल न ओतता ते तसेच उभे राहिले.

“मसाला सूखत हे, साहब,” तेजराम म्हणाला, आणि घमेल्याची दुसरी कड त्याने धरली.