साप नसलेल्या देशात शिरीषदादा

माझे थोरले दीर शिरीषदादा ऑकलंडच्या विमानतळातून बाहेर आले तेच चिडून. त्यांच्या बुटांच्या तळाला चिखल लागला होता, आणि तिथल्या अधिकारी बाईने परदेशी माती देशात येऊ नये म्हणून ते बूट आत नेऊन, धुऊन परत दिले होते. बूट साधे नव्हते. गुडघ्यापर्यंत येणारे, जाड कातड्याचे, साप चावला तरी दात आत जाऊ नयेत म्हणून खास घेतलेले.

"फ्लोरिडाच्या चिखलाला घाबरतात हे लोक," गाडीत बसताना ते म्हणाले. "आमच्याकडे याच चिखलात गेटर लोळतात."

मगरीला ते मगर म्हणत नसत, अलिगेटरही म्हणत नसत. गेटर म्हणत. घरातल्या कर्तबगार मुलाचं नाव घ्यावं तसं.

"दादा, पण इथे साप नाहीतच," मकरंद म्हणाला. मकरंद माझा नवरा, त्यांचा धाकटा भाऊ. "मी फोनवर सांगितलं होतं तुला."

"सरकारनं सांगितलं म्हणून नसतात का साप?"

मकरंद हसला. भावाच्या प्रत्येक वाक्यावर तो हसतो, मग ते विनोदी असो वा नसो. मागच्या सीटवर माझ्याशेजारी वसुंधरा वहिनी बसल्या होत्या, दादांच्या पत्नी. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या.

हे २०१७ च्या डिसेंबरातलं. ऑकलंडमधल्या अवोन्डेलला आमचं लाकडी घर आहे. मागे डेक, डेकपासून खाली उतरत जाणारं गवत, आणि शेवटी झाडांच्या सावलीतून वाहणारा एक ओहळ. पहिल्याच संध्याकाळी दादा डेकवर उभे राहिले, कंबरेवर हात ठेवून त्यांनी हे सगळं पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे. पाळणाघरासारखं."

पुढचे काही दिवस हेच चाललं. इथला ज्वालामुखी म्हणजे टेकाड. इथलं जंगल म्हणजे बाग. पिहाच्या समुद्रकिनाऱ्यावर काळ्या वाळूने पाय भाजले, तेवढीच एक गोष्ट त्यांना जरा आवडली. कोणीही घरी आलं की मोबाईल बाहेर निघायचा. त्यातल्या व्हिडिओत त्यांच्या घरामागचं तळं होतं, आणि त्या तळ्यातून बाहेर येऊन हिरवळीवर पसरलेली मोठी मगर. मग शेजारच्या मार्लीनच्या कुत्र्याची गोष्ट. बिस्किट नावाचं पांढरं, लहानसं कुत्रं तळ्याच्या कडेला वास घेत उभं होतं, आणि क्षणात पाणी फुटलं. "मी समोर होतो," असं म्हणून दादा दोन्ही हात पसरून जबडा दाखवायचे. "इथे तुमची मुलं काय बघणार? बदकं?"

तो व्हिडिओ मी इतक्यांदा पाहिला की मला त्यातली मगर दिसेनाशी झाली आणि काच दिसायला लागली. शूटिंग बंद दाराच्या आतून केलं होतं. काचेत खाली दादांच्या स्वतःच्या सपाता उमटल्या होत्या, पट्ट्यापट्ट्यांच्या. या माणसाला मगरींच्या शेजारी राहण्याचा एवढा अभिमान होता, आणि तो काचेमागे सपाता घालून उभा होता. तेव्हापासून मला त्यांच्याशी गंभीर चेहऱ्याने बोलणं अवघड जाऊ लागलं.

वसुंधरा वहिनींचं वेगळंच होतं. त्या फारसं बोलत नसत, पण मी बघत होते. घालायच्या आधी त्या चपला उलट्या करून आपटत. गाडीत बसण्याआधी वाकून गाडीखाली बघत. पत्रपेटीचं झाकण हाताने न उघडता छत्रीच्या टोकाने उचलत. आणि गवतावर कधीच उतरत नसत. डेकच्या शेवटच्या पायरीवर बसून चहा पीत.

एक दिवस दोघे भाऊ मिशन बेचा किनारा बघायला गेले होते. मी कपडे वाळत घालत होते. म्हटलं, "वहिनी, या ना खाली."

"बागेत साप नाहीत ना?"

"बागेत काय, देशात नाहीत. इथल्या प्राणिसंग्रहालयातसुद्धा साप ठेवत नाहीत."

त्यांनी सँडल काढल्या आणि एक पाय गवतावर ठेवला, पाणी किती गार आहे ते बघावं तसा. मग दुसरा. मग त्या चालायला लागल्या, कपड्यांच्या दोरीपासून लिंबाच्या झाडापर्यंत, परत, पुन्हा. त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांना ते कळलंही नसावं.

"मी त्यांना घाबरत नाही हं, इरावती," नंतर त्या म्हणाल्या. "काळे साप तर बिचारे असतात. एकदा गॅरेजमध्ये होता, मीच झाडूने बाहेर काढला. मगरही तशीच. सकाळी तळ्याकाठी पडलेली असते, आपण लांबून जायचं, ती तिच्या जागी, आपण आपल्या. माणसानं स्वतःचं वागणं नीट ठेवलं तर ती कधी वाटेला जात नाहीत."

"मग दादा का एवढं सांगतात?"

वहिनींनी सँडल उचलल्या आणि त्या पायरीवर जाऊन बसल्या.

याच सुमारास दादांना आमच्या ओहळातले वाम मासे सापडले. काळे, सापासारखे लांब, माझ्या दंडाएवढे जाड. ते वर्षानुवर्षं तिथे होते आणि कोणाच्या अध्यातमध्यात नव्हते. ईशा, आमची सात वर्षांची मुलगी, कधी कधी काठावर बसून त्यांना बघायची. दादांनी रात्रीची उरलेली चिकनची हाडं आणि तुकडे नेऊन टाकायला सुरुवात केली. आठवडाभरात वाम पायांचा आवाज ऐकून काठाशी यायला लागले. गुडघ्यापर्यंतचे बूट घालून, वीतभर पाण्यापासून दोन पावलं मागे उभे राहून, दादा शूटिंग करत. अखेर या देशाने त्यांना काहीतरी दिलं होतं.

नव्या वर्षातल्या पहिल्या शनिवारी आमच्याकडे बार्बेक्यू होता. मकरंदच्या ऑफिसातला हरीश आणि त्याची बायको दीप्ती आले होते. सॉसेजेस आणि कणसं भाजली जात होती. दादांनी बिस्किटची गोष्ट पुन्हा सांगितली, हात पसरून. मग म्हणाले, "चला, तुम्हाला तुमचे गेटर दाखवतो," आणि चिकनची ताटली घेऊन खाली गेले. ईशा त्यांच्यामागे उड्या मारत गेली. आम्ही सगळे डेकवरून बघत होतो.

"ईशा, तुकडा हातात धर. खाली, पाण्याजवळ," दादा मोबाईल लावत म्हणाले. "वर येऊन घेतील. इकडे बघ, कॅमेऱ्यात."

"काका, दे आर सो स्लिमी!"

"घाबरतेस? फ्लोरिडाची मुलं नाही घाबरत."

मी पुढे होणार तेवढ्यात वहिनी माझ्या बाजूने गेल्या. अनवाणी, धावत. त्यांनी ईशाचा दंड धरून तिला वर ओढलं, तिच्या हातातला तुकडा हिसकून झाडीत भिरकावला.

"काय झालं?" दादा हसत म्हणाले. "इथे काय गेटर आहे का?"

"तिथे मगर होती," वहिनी म्हणाल्या. "तिथेही तू हेच करत होतास."

त्यांचा आवाज चढला नव्हता, पण डेकवर सगळ्यांना ऐकू आलं. दीप्तीने हातातलं कणीस खाली ठेवलं.

"वसु, आत्ता नको."

"आत्ताच. यांना अर्धीच गोष्ट माहीत आहे. फोटो चांगला यावा म्हणून हा रोज संध्याकाळी कुंपणावरून चिकन टाकायचा. तळ्याशी पाटी आहे, मगरींना खायला घालू नका म्हणून. तिथे तो गुन्हा आहे. फ्रीझरमधली पाकिटं संपायची आणि मला सांगायचा, पाहुणे आले होते. ती मगर माणसाला बघून पाण्यात जायची. हळूहळू माणसाला बघून बाहेर यायला लागली. बिस्किट तिला तिथेच सापडलं, हा टाकायचा त्या जागी."

वहिनींनी ईशाला स्वतःच्या मागे घेतलं.

"मग मगर पकडणारा माणूस आला. दोर टाकून तिला ओढलं, मारायला घेऊन गेला. हा गर्दीत उभा राहून त्याला सांगत होता, या जनावरांचा भरवसा नसतो. आणि मार्लीनकडे फुलं घेऊन गेलो आम्ही. मीही गेले. गप्प बसले."

"एखाददुसरा तुकडा टाकला असेल," दादा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. ते बूट घालून आमच्या ओहळाकाठी उभे होते, मागे वाम अजून तोंडं वर काढून वाट बघत होते, आणि मला त्यांची किळस आली. वामांची नाही.

"वहिनी, जाऊ दे ना," मकरंद डेकवरून म्हणाला. "लोक आलेत घरी."

वामाने चावून चावून काय केलं असतं, फार तर बोट सोललं असतं. पण माझ्या मुलीचा हात त्या पाण्यावर होता, आणि माझ्या नवऱ्याला हरीश-दीप्ती काय म्हणतील याची काळजी पडली होती. मी खाली गेले, ईशाला उचललं आणि दादांच्या हातातून ताटली काढून घेतली. "पुन्हा माझ्या मुलीजवळ हे करायचं नाही, दादा," मी म्हटलं. त्यांनी मकरंदकडे पाहिलं. मकरंद सॉसेजेस उलटत होता.

उरलेले दिवस दादा दुखावल्यासारखे वावरले. ठरल्याप्रमाणे सगळे साउथ आयलंडला जाऊन आले. तिथल्या बर्फाच्या डोंगरांना त्यांनी नावं ठेवली नाहीत, कारण ते बोलतच नव्हते. निघताना विमानतळावर मकरंदला बाजूला घेऊन म्हणाले, "वसुला जेटलॅग फार त्रास देतोय." त्यांना येऊन तीन आठवडे झाले होते. मकरंदने मान डोलावली. वहिनींनी मला मिठी मारली ती बराच वेळ सोडली नाही.

मग जूनमध्ये, इकडे थंडी-पाऊस सुरू असताना, वहिनींचा व्हिडिओ कॉल आला. त्या गाडीत बसल्या होत्या, कुठल्याशा पार्किंगमध्ये.

"मार्लीनला सांगून आले," त्या म्हणाल्या.

"सगळं?"

"सगळं. ती दारात उभी होती. मला वाटलं, रडेल, ओरडेल. म्हणाली, मला माहीत आहे. समोरच्यांच्या कॅमेऱ्यात रोज दिसायचं. अख्ख्या गल्लीला माहीत आहे. तुम्हा दोघांतलं कोणी येतं का, एवढंच बघत होते."

"मग इतके दिवस ती बोलली का नाही?"

"मीही तेच विचारलं. म्हणाली, मी बोलले असते तर तू सुटली असतीस." वहिनींनी गाडीच्या काचेतून बाहेर पाहिलं. "मग तिनं दार लावून घेतलं. बरोबरच केलं तिनं."

मी विचारलं, "दादांना सांगितलंत?"

"नाही. तो रोज सकाळी तिला हात करतो. ती पण करते. गल्लीतले सगळे करतात. त्याला वाटतं, आपण किती लोकप्रिय."

त्या हसल्या, पण त्यात मजा अशी नव्हती. मग पाऊस कसा आहे, ईशाला पुढचे दात आले का, असं बोलून त्यांनी फोन ठेवला.

ऑगस्टमध्ये वसुंधरा वहिनींनी त्यांच्या ऑफिसजवळ, शहरात, तिसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट घेतला आणि एकट्या राहायला गेल्या. तळ्याकाठच्या घरात आता दादा एकटेच असतात. विचारणाऱ्याला ते सांगतात, काय करणार, बायकोला सापांची फार भीती वाटते. मकरंदला हे पटलेलं आहे.