दाताचे जुलाब

माझ्या राजवर्धनला शनिवारी जुलाब सुरू झाले आणि सोमवारपर्यंत आमच्या गल्लीतल्या झाडून सगळ्या बायकांनी एकच निदान केलं. दात येतायत. नऊ महिन्यांचं पोर, खालच्या हिरडीवर पांढरी रेघ दिसत होती, मग आणखी पुरावा काय हवा? आमच्याकडे पोर तापलं तरी दात, रडलं तरी दात, झोपलं नाही तरी दात. सगळे दात येईपर्यंत डॉक्टरांनी दवाखाना बंद ठेवला तरी चालेल. मला या बायकांचा राग यायचा, पण तोंड उघडायची सोय नव्हती.

कारण माझ्या सासूबाईंचं, अंबूबाईंचं, म्हणजे आमच्या आत्यांचं, पहिलं मूल दातावर गेलं होतं. ज्योतिबा त्याचं नाव. ही हकीकत मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत आलेय. तेव्हा मेंढरं घेऊन हे लोक कराडच्या बाजूला होते आणि तळ कृष्णेच्या काठावर पडला होता. पोराला तीन दिवस जुलाब होत होते. सासरे, भाऊसोमामा, नदीचं पाणी तांब्यात घेऊन आले आणि दोन घोट पाजू या म्हणाले. तळावरच्या म्हाताऱ्यांनी सांगितलं, पाण्यानं जुलाब वाढतात, आतडं वाळलं की आपोआप थांबतील. आत्यांनी तांब्या बाजूला सारला. चौथ्या दिवशी पोर गेलं. "दातच वंगाळ आलं," एवढं म्हणून आत्या थांबायच्या, आणि मामा उठून बाहेर जायचे.

आता राजवर्धनसाठी मी आशाताईंकडून ओआरएसची पुडी आणली, उकळून गार केलेल्या पाण्यात कालवली. दोन चमचे पाजले तर त्यानं उलटी केली. आत्यांनी भांडं उचललं आणि परसात ओतून टाकलं.

"पाण्यावर पाणी वततीस व्हय? आतडं वाळू दे जरा."

मी बी.एस्सी. झालेली बाई, नुसती बघत राहिले. नवरा, ऋषिराज, शिरवळला कंपनीत. त्याला फोन केला तर म्हणाला, आईनं पोरं वाढवलीत, तिला कळतं. मामा मेंढरांमागं कराडकडेच गेलेले. घरात भांडायला मी एकटी, आणि आत्यांच्या बाजूनं एक मेलेलं पोर. त्याच्याशी मी कशी भांडणार होते?

आत्या काही निवांत बसल्या नव्हत्या, हेही सांगायला हवं. टाळू खोल गेली म्हणून त्यांनी तिच्यावर तेलाचा बोळा ठेवला. मीठमिरची ओवाळली, सिद्धनाथाचा अंगारा लावला. पोराला मांडीवरून खाली ठेवत नव्हत्या. जीव त्यांचाही तुटत होता, म्हणूनच मला त्यांच्यावर धड ओरडताही येईना.

मंगळवारी सकाळपासून जुलाब बंद झाले. आत्या म्हणाल्या, बघ, थांबलं का न्हाई. पण लघवीही झाली नव्हती. दुपारी तो रडला तेव्हा डोळ्यांतून टिपूस आलं नाही, आणि मग रडायचाही थांबला. मी हाक मारली, टाळी वाजवली. तो अर्धवट पापण्यांतून भलतीकडेच बघत होता. मी कुणाला न विचारता त्याला उचललं आणि शेजारच्या जयराजला गाडी काढायला लावली. आत्या अनवाणीच मागून येऊन बसल्या. म्हसवडच्या दवाखान्यात पोचलो.

डॉक्टरबाईंनी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. सलाईनसाठी शीर सापडेना. एका हाताला टोचलं, दुसऱ्या हाताला टोचलं, मग पायांना. पोर रडेना. मी देवाला म्हणत होते, त्याला रडू दे, एवढंच दे. पाचव्या वेळेला सुई लागली.

दोन तासांनी त्यानं लघवी केली. मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, आणि चांगला भोकाड पसरून रडला. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर कठीण होतं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. आत्या दाराशी उभ्या होत्या. तीन दिवसांचा सगळा राग उफाळून आला. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी विचारलं, "मॅडम, दात येताना पोर मरतं का हो?"

त्या लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दातांनी कुणी मरत नाही. जुलाबांनी अंगातलं पाणी संपतं, त्यानं मरतं. नुसतं चमच्याचमच्यानं पाणी पाजत राहिलं तरी कितीतरी पोरं वाचतात."

मी आत्यांकडे बघितलं. मला त्यांचा पडलेला चेहरा बघायचा होता. त्या पुढं आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "नदीचं पानी चाललं असतं का, म्याडम?"

"उकळून घ्यायचं, आजी," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या.

मला वाटलं होतं, मला बरं वाटेल. पण बोललेला शब्द परत घेता आला असता तर मी तिथल्या तिथे घेतला असता. नर्सनं ओआरएसची वाटी आणि चमचा आणून दिला. तुम्ही पाजा, मी आत्यांना म्हणाले. त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. मग मीच पाजू लागले. पोर प्रत्येक चमच्याला मान पुढे काढत होतं, चमचा चावत होतं. आत्या ते बघत होत्या आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

तेवढ्यात मामांचा फोन आला. आत्यांना फोनवरचं नीट ऐकू येत नाही, म्हणून त्या तो स्पीकरवरच लावतात. मागं मेंढरांचा आवाज येत होता. पोरगं कसं हाय, मामांनी विचारलं. बरं हाय, डोळं उघडलं, पानी पितोय, आत्या म्हणाल्या.

"डाक्टर काय म्हनला?" मग मामांनी विचारलं. "दाताचंच हाय न्हवं?"

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षं त्या दोघांनी एवढं एकच कारण धरून ठेवलं होतं. मी पुढचा चमचा भरला.

"व्हय," आत्या म्हणाल्या. "दाताचंच हाय."