विदाईचा तुकडा

…आणि हा ओरखडा नाही, केस आहे. रेणूने फुंकर मारली, तो उडाला नाही. मग मधल्या भोकात बोट घालून डिस्क खिडकीशी धरली आणि पदराच्या टोकाने आतून बाहेर, आतून बाहेर पुसली. वरचा मजकूर स्केचपेनचा, अर्धा उडालेला— रेणू आणि उमेंद्र, भाग दोन. लग्नाच्या सीडींची सासरची ही जोडी कपाटात साड्यांखाली राहिली म्हणून धड होती. सौंदडला मायकडची जोडी शेजारपाजारच्यांनी बघूनबघून पार घासून टाकली. जेवणावळीपर्यंत ती नीट चालायची, पुढे अडकायची. नवऱ्याच्या हातातली जिलेबी नवरीच्या तोंडाशी येऊन तिथेच थांबायची. त्यापुढे विदाई होती. अडकते ते बरंच आहे, असं रेणूला इतकी वर्षं मनातून वाटत आलं होतं.

आता मायला नवी डिस्क हवी होती. मोबाईलवर माणसं मुंगीएवढी दिसतात म्हणे. तिला टीव्ही हवा, तिचा जुना प्लेअर हवा, शेजारच्या गीताबाई आणि बाकीच्या बाया सतरंजीवर बसलेल्या हव्यात. खुशबू नागपूरला शिकायला गेल्यापासून कॉम्प्युटर रेणूच्याच वाट्याला आला होता. लेकीला फोनवर विचारत, दोन कोऱ्या डिस्क वाया घालवत ती शिकली होती… दोन्ही भाग एकाच डिस्कवर बसवायचे, कुठून कुठवर घ्यायचं त्या खुणा करायच्या, नको ते गाळायचं. या गाळण्यासाठीच तर तिने हे काम दुकानात दिलं नव्हतं.

कारण विदाईला ती हसली होती. माय रडत होती, आत्या रडत होती, बाबा मांडवाच्या खांबाआड गेले होते, बँडवालासुद्धा डोळे पुसत होता— आणि नवरी हसली, चांगली दात दाखवून. तेव्हापासून नात्यात कुठलंही लग्न निघो, माय चारचौघींत म्हणायचीच, "माही पोरगी त रडलीच नाही वं." बाया पदराआड हसायच्या. रेणूही हसायची आणि घरी येऊन दिवसभर स्वतःला टोचत राहायची. उमेंद्र तिला आवडला होता, खरंच होतं ते, तो सायकलवरून दोनदा गल्लीतून गेला तेव्हाच आवडला होता. पण म्हणून मायला सोडताना मला हसू यावं? इतकी कशी मी कोरडी?

"साऱ्या सौंदडनं पाहिलं आहे ते," दाढी करता करता आतून उमेंद्र म्हणाला, "आता सीडीतून काढून काय होते?"

"तुम्ही गाल कापून घ्याल, तिकडे लक्ष द्या."

तिने विदाई लावली. शूटिंगवाल्याने हौसेत कसर ठेवली नव्हती. आत्याचा चेहरा बदामात बसवलेला, बाबा पाकळ्यांसारखे विखुरलेले, आणि माणसांचे आवाज पार काढून त्यावर एक रडकं गाणं. कापायची जागा नेमकी सापडावी म्हणून ती चित्र एकेक करत पुढे सरकवू लागली. माय जवळ आली… मिठी… नवरीची हनुवटी थरथरते आहे.

थरथरते आहे?

ती मागे गेली, पुन्हा पुढे आली. खालचा ओठ मुडपलेला, नाकपुड्या फुगलेल्या, डोळे काठोकाठ— अगं, ही तर रडायच्या बेतात आहे, ही आता भोकाड पसरणार… आणि मायचं तोंड हिच्या कानाशी जातं. ओठ हलतात, चार-पाच शब्दांपुरतेच. नवरी चमकते. आणि मग ते दात. मायने लगेच पदरात तोंड खुपसलं आहे आणि तिचे खांदे गदगदा हलताहेत, इतके की आत्या तिला सावरायला धावते. रडते आहे का ती? असेलही. पण खांदे तर हसतानाही असेच हलतात तिचे.

काय बोलली होती? केशोरावमामांच्या फेट्याबद्दल काही? वरमाईबद्दल? रेणूने डोळे मिटून बघितलं, कानाशी मायचा उष्ण, पानसुपारीचा श्वास आला, शब्द आले नाहीत. तिने फोन लावला.

"झाली का वं सीडी?" मायने आधी तेच विचारलं. "पुरी टाकजो. विदाई बी. बायांना सांगून ठेवलं मी."

"माय, विदाईच्या वेळी तू माह्या कानात काय बोलली होती?"

पलीकडे कोंबडी ओरडली. माय तिला हाकलत होती, की वेळ काढत होती…

"मी कायले बोलू? मी त रडून राहिली होती. तूच नाही रडली." मग आवाज उतरवून, "काऊन? त्यात आवाज बी येते काय?"

"नाही. गाणं आहे वरून."

"मंग ठीक आहे," माय म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

म्हणजे बोलली होती! आणि इतकी वर्षं गावभर माझंच नाव— चोर तो चोर, वर शिरजोर. रेणूला राग यायला हवा होता, पण तिचा ऊर मायेने भरून आला. पोरगी आता फुटणार हे मायला कळलं होतं. आपले डोळे गळत असताना तिने लेकीला हसवून पाठवलं, आणि मग तो हसण्याचा बोल लेकीच्याच माथी मारून मोकळी झाली. दुसऱ्या कुणाच्या मायला जमलं असतं हे?

तिने एकही खूण न करता विदाई अख्खी घेतली आणि कोरी डिस्क आत सरकवली. डबा घुरघुरू लागला. शब्द अजून आठवत नव्हते, आणि आठवले नाहीत म्हणून काही अडणारही नव्हतं. तिला फक्त सौंदडला जाऊन मायला खेटून बसायचं होतं, आणि विदाई लागली की टीव्हीकडे नाही, तिच्याकडे बघायचं होतं.